ही फाईल वाचतं कोण?

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये २१ संगणक आहेत आणि त्यातल्या एकातही हार्ड डिस्क नाही. बटण दाबलं की प्रत्येक यंत्र कोपऱ्यातल्या सर्व्हरला विचारतं: माझं नाव काय, माझा पडदा केवढा, मला कोणाच्या खात्याने उघडायचं? या सगळ्याची उत्तरं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवलेली आहेत. ती फाईल मी २०२३च्या जूनमध्ये लिहायला घेतली तेव्हा दोन संध्याकाळी पुरतील असं वाटलं होतं. ती नीट लागायला ऑगस्ट उजाडला. मधल्या अडीच महिन्यांत काय काय झालं ते इथे लिहितोय, कारण अशी जुनी यंत्रं बऱ्याच शाळांच्या माळ्यावर धूळ खात पडलेली मी पाहिली आहेत, आणि ती चालू शकतात.

शाळा भुदरगड तालुक्यातली, पाचवी ते दहावी. जवळच्या एका सहकारी बँकेच्या शाखेने आपली यंत्रं बदलली आणि जुने १८ थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरच्या भरवशावर चालणारी छोटी यंत्रं, शाळेला देऊन टाकले. एचपीचे टी-६१०. जाडजूड शब्दकोशाएवढा एक डबा, आत एएमडीचा ड्युअल कोर प्रोसेसर आणि २ जीबी रॅम. बँकेने नियमाप्रमाणे आतली साठवण काढून घेतली होती. टेम्पोतून खोकी उतरवताना शिपाईमामा म्हणाले, "सर, ह्यात तर काहीच नाही. वाजवून बघितलं की पोकळ वाटतंय." बरोबरच होतं त्यांचं. पण अशा पोकळ यंत्रासाठीच एलटीएसपी बनलंय हे मला माहीत होतं. ते मी पूर्वी एका प्रशिक्षणात पाहिलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं. शाळेतले तीन जुने डेस्कटॉप, ज्यांच्या डिस्क कधीच्या मेल्या होत्या, तेही त्यांच्यात मिळवले. झाले २१.

एलटीएसपी म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. जिम मॅकक्विलन यांनी १९९९मध्ये सुरू केलेला. जुन्या पद्धतीत सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचे आणि समोरचं यंत्र फक्त चित्र दाखवायचं. २०१९मध्ये हे सगळं नव्याने लिहिलं गेलं आणि त्यात मोठा वाटा ग्रीसच्या अल्किस जॉर्जोपुलोस यांचा. शाळांच्या लॅब सांभाळणाऱ्या माणसांच्या हातचं काम आहे ते, आणि वापरताना तसं जाणवतं. नव्या पद्धतीत सर्व्हर आपल्याच डिस्कची एक आवळून बांधलेली प्रत तयार करतो, तिला इमेज म्हणतात. प्रत्येक यंत्र नेटवर्कवरून तीच इमेज उघडतं, पण प्रोग्रॅम चालतात यंत्राच्या स्वतःच्या प्रोसेसरवर आणि रॅमवर. त्यामुळे सर्व्हर फार तगडा लागत नाही. आमचा सर्व्हर म्हणजे १६ जीबी रॅमचा एक बरा डेस्कटॉप आणि त्यात एसएसडी. त्यावर उबुंटू माटे २२.०४ टाकलं. पैसे खर्च केले ते २४ पोर्टच्या गिगाबिट स्विचवर. जुना स्विच १०० मेगाबिटचा होता आणि पाच-सहा यंत्रं एकदम सुरू केली की सगळीच घोटाळत बसायची. कुठे काटकसर करायची असेल तर ती स्विचमध्ये करू नका.

इमेज एकच असली तरी यंत्रं एकसारखी नसतात, हाच खरा प्रश्न. कुणाचा मॉनिटर चौकोनी, कुणाचा रुंद. कुणाचं ग्राफिक्स कार्ड हट्टी. प्रत्येकाला वेगळं नाव हवं, नाहीतर 'तिसऱ्या रांगेतलं दुसरं' असं किती दिवस म्हणणार? हे वेगळेपण जिथे लिहायचं ती फाईल म्हणजे एलटीएसपी डॉट कॉन्फ. (फाईलमधलं सगळं रोमन लिपीत असतं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

पहिलाच घोटाळा नावात झाला. माझ्याकडे प्रशिक्षणातली जुनी टिपणं होती. त्यात फाईलचं नाव होतं एलटीएस डॉट कॉन्फ, 'पी' नाही, आणि ती टीएफटीपीच्या, म्हणजे सुरू होणाऱ्या यंत्रांना फाईली पाठवणाऱ्या सोयीच्या, फोल्डरमध्ये ठेवायची असं लिहिलेलं. मी इमानेइतबारे तशी फाईल केली, त्यात कीबोर्डचा मराठी आराखडा सांगणाऱ्या ओळी घातल्या, यंत्र सुरू केलं. कीबोर्ड इंग्रजीच. ओळी बदलल्या, पुन्हा सुरू केलं. तक्रारीचा एक शब्दही कुठे नाही. एक अख्खा रविवार त्यात गेला.

संध्याकाळी आमच्या एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तो पुण्यात सर्व्हर सांभाळायचंच काम करतो. मी त्याला फाईल वाचून दाखवायला लागलो, तर त्याने मध्येच थांबवलं.

"सर, फाईलमध्ये काय आहे ते राहू दे. ती फाईल वाचतं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठला प्रोग्रॅम ती उघडतो? कुठल्या यंत्रावर? केव्हा? आधी ते शोधा. कुणी वाचतच नसेल तर तुम्ही कितीही चांगलं लिहा."

शोधलं. २०१९नंतरच्या एलटीएसपीमध्ये ती जुनी फाईल कुणीच वाचत नाही. नव्या फाईलची जागा वेगळी, नाव एका अक्षराने वेगळं, आणि आतले शब्दही बरेचसे वेगळे. कीबोर्ड तर नव्या पद्धतीत इमेजमधूनच येतो, म्हणजे सर्व्हरवर कीबोर्ड ठरवायचा, इमेज पुन्हा बनवायची, की सगळ्यांना तोच. मी ज्या प्रश्नाचं उत्तर फाईलमध्ये लिहीत होतो तो प्रश्न त्या फाईलला कुणी विचारतच नव्हतं. त्याचा तो सवाल मी कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवला. पुढच्या प्रत्येक अडचणीत तोच उपयोगी पडला.

नव्या फाईलची रचना मला आवडली. चौकटी कंसात विभागाचं नाव, खाली त्या विभागाच्या ओळी. 'सर्व्हर' विभाग फक्त सर्व्हरसाठी, 'क्लायंट्स' सगळ्या यंत्रांसाठी, 'कॉमन' दोघांसाठी. आणि मग प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र विभाग, ज्याचं नाव म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक. त्याच्या खाली लिहायचं, 'होस्टनेम, बरोबरचं चिन्ह, पीसी०१'. झालं, त्या डब्याला नाव मिळालं.

मॅक ॲड्रेस डब्याच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला असतो. मी आणि मामा एकेक डबा उलटा करून उतरवून घ्यायला बसलो. बँकेत वर्षानुवर्षं पुसून पुसून स्टिकर फिके पडलेले. इंग्रजी आठ आणि बी यांत फरक कळेना, शून्य आणि डी यांतही. मामांनी मोबाईलवर फोटो काढून तो मोठा करून बघायची युक्ती काढली, तरी चार यंत्रांची नावं चुकलीच. शेवटी सोपी वाट सापडली: यंत्र सुरू करायचं आणि सर्व्हरच्या नोंदी बघायच्या. यंत्र नेटवर्कवरून सुरू व्हायला लागलं की सर्व्हरवरचा डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम त्याला उत्तर देतो आणि त्याचा मॅक ॲड्रेस नोंदवून ठेवतो. तिथून कॉपी करून फाईलमध्ये चिकटवला की आठ का बी हा वादच मिटतो. यंत्र स्वतः जे सांगतं ते घ्यायचं, स्टिकरवर अवलंबून राहायचं नाही.

आता नावं लिहून झाली, फाईल जतन केली, तिसरं यंत्र बंद करून सुरू केलं. नाव जुनंच. पुन्हा केलं. जुनंच. सवाल कपाटावर होताच: वाचतं कोण? यंत्र वाचतं. मग यंत्राला ही फाईल मिळते कुठून? मी टीएफटीपीचं फोल्डर उघडून फाईलींच्या वेळा बघितल्या. माझी कॉन्फ फाईल आजची, ४ वाजून ४० मिनिटांची. यंत्राला पाठवली जाणारी एलटीएसपी डॉट आयएमजी ही छोटी फाईल मात्र कालची.

तिथे सगळं उलगडलं. यंत्र माझी फाईल थेट वाचतच नाही. सर्व्हरवर 'एलटीएसपी इनिटआरडी' ही आज्ञा दिली की माझी कॉन्फ फाईल, सर्व्हरवरच्या खात्यांची यादी आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या यांचं एक गाठोडं बांधलं जातं, आणि यंत्र सुरू होताना ते गाठोडं उचलून नेतं. मी फाईल बदलत होतो, गाठोडं मात्र कालचंच होतं. आज्ञा दिली, यंत्र सुरू केलं, आणि पडद्यावर पीसी०३ हे नाव आलं. त्या वेळी लॅबमध्ये मी एकटाच होतो, बाहेर धो धो पाऊस. उठून शेजारच्या यंत्राचंही बटण दाबलं. पीसी०४. मग पीसी०५.

खात्यांची यादीही त्याच गाठोड्यात असते, हे पुढे लक्षात ठेवावं लागलं. जुलैमध्ये आठवीच्या वर्गात दोन नवी मुलं आली. त्यांची खाती सर्व्हरवर उघडली, पण लॅबमध्ये त्यांना आत जाता येईना. पोरं बिचारी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसली होती, आपलंच चुकतंय असं समजून. चूक त्यांची नव्हती. मी गाठोडं पुन्हा बांधलं नव्हतं.

त्या पहिल्या यादीत एक यंत्र मात्र नावाला दाद देईना. बाकीच्या ओळींसारखीच ओळ, स्पेलिंग बरोबर. बराच वेळ टक लावून बघितल्यावर दिसलं: बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी एकेक जागा सोडली होती. मराठीत टाइप करताना तशी सवय असते हाताला. या फाईलचं रूपांतर शेवटी शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे लिनक्सला द्यायच्या आज्ञांच्या यादीत होतं आणि शेलला तशी जागा चालत नाही. त्याच कारणाने, एखाद्या किंमतीत दोन शब्द असतील तर त्यांना अवतरण चिन्हं लावावी लागतात. आणि सेटिंगच्या नावातच एखादं अक्षर राहिलं तर कुणी 'असं सेटिंग नाही' म्हणून सांगत नाही. ते नाव तसंच गाठोड्यात जातं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून मी आता एका वेळी एकच ओळ बदलतो, एकाच यंत्रावर तपासतो, मग पुढची.

गाठोड्याचं कळलं म्हणजे सगळं कळलं असं मला वाटलं होतं, पण तीन डेस्कटॉपपैकी दोघांनी ते खोटं ठरवलं. ते सुरू व्हायचे, थोड्या ओळी धावायच्या आणि पडदा काळा. त्यांच्या ग्राफिक्सचा हा आजार जुना आहे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमला, 'नोमोडसेट' (पडद्याची मांडणी तू ठरवू नकोस) असं सांगितलं की बहुतेक वेळा निभावतं. कॉन्फ फाईलमध्ये त्यासाठी कर्नल पॅरामीटर्स नावाचं सेटिंग आहे. ते त्या दोन यंत्रांच्या विभागात लिहिलं, इनिटआरडी चालवलं, सुरू केलं. पडदा काळाच.

वाचतं कोण? केव्हा? विचार केला तर उत्तर समोरच होतं. कर्नलला जे सांगायचं ते कर्नल सुरू होण्याआधीच सांगायला हवं. गाठोडं तर कर्नल सुरू झाल्यावर उघडतं. म्हणजे हे सेटिंग दुसऱ्याच कुणीतरी, त्याच्याही आधी वाचायला हवं. तो दुसरा म्हणजे आयपीएक्सई, यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी नेटवर्कवरून येणारा छोटा प्रोग्रॅम, जो सुरुवातीचा मेनू दाखवतो. त्याची स्वतःची स्क्रिप्ट असते आणि ती 'एलटीएसपी आयपीएक्सई' या आज्ञेने तयार होते. कर्नल पॅरामीटर्स, मेनू किती वेळ दाखवायचा, कुठली इमेज आपोआप निवडायची, ही सेटिंगं त्या आज्ञेसाठी आहेत. ती दिली आणि दोन्ही डेस्कटॉप उजळले.

कपाटातल्या कागदावर सवालाखाली मी लिहिलं: प्रोग्रॅम टाकला किंवा कीबोर्ड बदलला तर इमेज. नाव, खातं, पडदा, वेळ बदलली तर इनिटआरडी. कर्नलचं किंवा मेनूचं काही असेल तर आयपीएक्सई. हे एवढं कुणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर जुलै महिना वाचला असता.

पडद्यांचं थोडक्यात सांगतो. चार मॉनिटर 'आऊट ऑफ रेंज' दाखवत होते. मॉनिटर आपली माहिती व्हीजीएच्या केबलमधूनच यंत्राला देतो. या चौघांच्या केबल स्वस्तातल्या होत्या आणि ती माहिती नेणाऱ्या पिनाच त्यांत नव्हत्या. दोन केबल बदलता आल्या. उरलेल्या दोघांसाठी फाईलमध्ये 'जुना मॉनिटर' अशा अर्थाचा एक विभाग केला, त्यात पडद्याच्या लांबी-रुंदीच्या आणि वारंवारतेच्या मर्यादा लिहिल्या आणि त्या दोन यंत्रांच्या विभागात इन्क्लूड म्हणून त्याचं नाव दिलं. एकदा लिहायचं आणि हवं तिथे जोडायचं, ही सोय फार चांगली आहे.

पाचवी-सहावीच्या मुलांना खातं, पासवर्ड यात अडकवायचं नव्हतं. त्यांनी बटण दाबावं आणि चित्र काढायला लागावं. त्यासाठी ऑटोलॉगिन आहे, आणि त्यात एक सुंदर सोय आहे: तिथे 'पीसी, तिरकी रेघ, गेस्ट' एवढंच लिहिलं की यंत्राच्या नावातल्या पीसीच्या जागी गेस्ट घातलं जातं. पीसी०१वर गेस्ट०१, पीसी०२वर गेस्ट०२. एका ओळीत २१ यंत्रं. त्याबरोबर त्या खात्यांचे पासवर्डही फाईलमध्ये द्यावे लागतात, बेस-६४ रूपात. इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगेन. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे. ते कुणीही क्षणात उलट फिरवून वाचू शकतं, आणि ते गाठोडं नेटवर्कवर मागेल त्याला मिळतं. म्हणून तिथे फक्त गेस्ट खात्यांचे पासवर्ड लिहायचे, ज्या खात्यांत जपण्यासारखं काही नाही. शिक्षकांचं, कार्यालयाचं किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्याचं खातं चुकूनसुद्धा तिथे आणायचं नाही. मोठ्या मुलांची स्वतःची खाती आहेत. ती गेस्टमधून बाहेर पडून आपल्या नावाने आत जातात आणि त्यांचं काम सर्व्हरवर त्यांच्या फोल्डरमध्ये राहतं, मग बसायला कुठलंही यंत्र मिळो.

ही सोय झाली आणि लॅबला खरी सुरुवात झाली. आठवीला इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या आराखड्यावर मराठी टंकलेखन सुरू केलं. पहिल्या आठवड्यात 'वारा' आणि 'पाऊस', दुसऱ्या आठवड्यात 'वाऱ्यावर'. त्या शब्दापाशी वर्ग अडला. र आणि य जोडला की 'वार्यावर' उमटतं आणि ते डोळ्यांना खुपतं. शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग डीच्या कळीवर हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. ऱ्य. एका मुलीने ते तीनदा केलं आणि मग शेजारणीच्या बोटांना धरून दाखवलं. अशा वेळी मला वाटतं की अडीच महिने वाया गेले नाहीत.

आणि मग ऑगस्टमधला तो दिवस. शाळा सुटताना कुणी ना कुणी यंत्र बंद करायला विसरतंच, म्हणून मी फाईलमध्ये क्रॉनटॅबच्या, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या, दोन ओळी घातल्या होत्या: सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५.३०ला यंत्रं आपोआप बंद, शनिवारी सकाळची शाळा म्हणून ११.३०ला. दोन आठवडे त्या ओळी बिनचूक चालल्या. त्या बुधवारी आठवीचा तास होता. पावसामुळे इंटरनेट तीन दिवस बंद होतं, पण टंकलेखनाला ते लागत नाही. मुलं 'माझं गाव' या विषयावर एकेक परिच्छेद टाइप करत होती. एकदम मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, बंद झालं!" पाठोपाठ दुसरा, "सर, माझं पण!" पाच यंत्रं बंद. लाईट होती, स्विच चालू होता, बाकीची सोळा यंत्रं निवांत चालली होती. मी घड्याळात बघितलं. बरोबर १२.

मुलांनी पुन्हा बटण दाबलं, यंत्रं मुकाट्याने सुरू झाली. रायटर या लिहायच्या प्रोग्रॅमने शेवटच्या आपोआप जतनापर्यंतचं लिखाण परत दिलं. एका मुलाच्या तीन ओळी गेल्या आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला म्हटलं, "तू लिही परत, मी इथेच बसतो." आणि बसलो. डोक्यात एकच: बारालाच का, आणि पाचच का?

तास संपल्यावर त्या पाचांपैकी एकाच्या पडद्याकडे बघितलं. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी ते यंत्र संध्याकाळचे ६ वाजून ५ मिनिटं दाखवत होतं. साडेपाच तास पुढे. हा साडेपाचचा आकडा कुठल्याही भारतीय माणसाच्या ओळखीचा आहे, ग्रिनिचपासून आपण तेवढेच पुढे. यंत्राच्या आत बटणासारख्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. बँकेत या डब्यांवर विंडोज होतं आणि विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ, म्हणून वाचतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. म्हणजे खरे दुपारचे १२ वाजले की त्या यंत्राच्या लेखी संध्याकाळचे ५.३० वाजतात. माझी ओळ त्याने अगदी वेळेवर पाळली होती.

मग बाकीची सोळा का वाचली? कारण ती आधी इंटरनेट असताना चालली होती. तेव्हा त्यांनी नेटवरून खरी वेळ घेतली आणि लिनक्सने थोड्या वेळाने आतलं घड्याळही दुरुस्त करून ठेवलं. ही पाच यंत्रं शेवटच्या रांगेतली. त्या रांगेच्या केबल मी इंटरनेट गेल्यानंतर, सोमवारी ओढल्या होत्या. त्यांना खरी वेळ सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं. सोमवारी आणि मंगळवारी दुपारी बाराला ती चालू नव्हती, म्हणून तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

फाईल वाचतं कोण, केव्हा, हे मी शिकलो होतो. वाचणारा कुणाच्या घड्याळाने चालतो हे विचारायचं राहून गेलं होतं. त्या संध्याकाळी मामांना बरोबर घेऊन पाचही यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सेटिंगमध्ये, एफ-१० दाबून गेलो आणि घड्याळं साडेपाच तास मागे केली. मामा घड्याळ बघून वेळ सांगत होते, मी वजाबाकी करून भरत होतो. मग फाईल उघडून क्रॉनटॅबच्या ओळींच्या वर हॅशचं चिन्ह देऊन शेरा लिहिला, मराठीतच: "नवीन यंत्र लावताना बायोसचं घड्याळ यूटीसीला लावणे. नाहीतर इंटरनेट नसताना दुपारी १२ला बंद पडेल."

तोवर माझ्या फाईलमध्ये शेरे नव्हते. त्या दिवसानंतर मी बसून प्रत्येक ओळीवर लिहिलं: हे का आहे, कधी घातलं, बदललं तर कुठली आज्ञा द्यायची. नोमोडसेटच्या ओळीवर, कुठल्या डेस्कटॉपचा पडदा काळा व्हायचा ते. जुन्या मॉनिटरच्या विभागावर, केबल बदलल्यास हा काढून टाकावा, असं. यंत्रांच्या यादीच्या वर, स्टिकर न बघता सर्व्हरच्या नोंदीतून मॅक ॲड्रेस घ्यावा, असं. फाईल काय करते हे यंत्राला कळतं, पण का करते हे त्या शेऱ्यांशिवाय कुणाला कळणार नाही. शाळेत बदल्या होतात, माणसं निवृत्त होतात.

मागच्या वर्षी मी चार दिवस प्रशिक्षणासाठी कोल्हापुरात होतो आणि पीसी०९चा आतला बोर्ड गेला. लॅब तेव्हा मराठीच्या बाईंकडे होती. बाईंनी या फाईलला तोपर्यंत हात लावलेला नव्हता. दुपारी त्यांचा फोन आला. माळ्यावर एक जादा डबा होता, तो मामांनी काढून जोडून दिला होता. मी मॅक ॲड्रेस कुठून घ्यायचा ते सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "ते वर लिहिलंय सर, नोंदीतून घेतला. घड्याळही मागे केलं. फक्त एकच विचारायचं होतं, जुना ॲड्रेस पुसायचा की ठेवायचा?"

"हॅश लावून ठेवा," म्हटलं. "पुढे तारीख टाका."

फोन चालू ठेवून त्यांनी इनिटआरडी चालवलं. मागून मामांचा आवाज ऐकू येत होता, ते पडद्यावरच्या धावत्या ओळी मोजत असावेत तसे. मग बाई म्हणाल्या, "आलं. पीसी०९, गेस्ट०९." सातवीचा वर्ग दाराशी उभा होता, म्हणून त्यांनी फोन ठेवला.